मु. पो. बेट, जि. परभणी

परभणी जिल्ह्याला समुद्र नाही. सगळ्यांत जवळचा समुद्र चारशे किलोमीटरच्या पलीकडे, आणि तोही मुंबईकरांनी वापरून ठेवलेला. जिल्ह्यात बंदर नाही, दीपगृह नाही, भरती-ओहोटीचे वेळापत्रक नाही. तरीही दर पावसाळ्यात इथे बेटे तयार होतात. जूनमध्ये पेरणी, जुलैत कोळपणी आणि ऑगस्ट-सप्टेंबरात बेट, असा साधारण हंगाम आहे. गाव जागचे हलत नाही. पाणीच येऊन चारी अंगांनी ठाण मांडते आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात आतल्या पानावर दोन ओळी येतात: लेंडीला पूर, पाच गावांचा संपर्क तुटला.

ही पाच गावे कोणती, हे पालम तालुक्यात कुणाला विचारावे लागत नाही. फळा, आरखेड, घोडा, सोमेश्वर, उमरथडी. पोरगं सातच्या पाढ्याला अडखळेल, या यादीला नाही. बातमीदाराचेही काम त्यामुळे हलके झाले आहे. गेल्या वर्षीचे कात्रण काढायचे आणि तारीख बदलायची. कधी लेंडीच्या जोडीला गळाटी नदी उतरते, मग यादीत आणखी दोन-चार गावांची भर पडते. शेजारच्या पूर्णा तालुक्यात कंठेश्वरला पूर्णा नदी गोदावरीला मिळते. तिथल्यांची अडचण वेगळी: पाणी नेमके कोणत्या नदीचे, याचाच आधी निकाल लावावा लागतो.

लेंडी ही काही मोठी नदी नव्हे. नाव ऐकून पाहुणे हसतात, आणि उन्हाळ्यात तिच्यातून शेळी खूर न भिजवता पलीकडे जाते. तिच्यावर पूलही वर्षानुवर्षे तिच्या योग्यतेचेच राहिले, म्हणजे बुटके. पण लेंडीचे सासर मोठे आहे. ती जाऊन मिळते गोदावरीला. गोदावरीला इकडे गोदावरी म्हणायची पद्धत नाही, तिला गंगा म्हणतात. गंगेला पूर आला की ती लेंडीला दारात उभे करत नाही. आलेले पाणी आल्या पावली मागे फिरते, ओढ्याओढ्यांतून शिवारात पसरते आणि बुटक्या पुलावर येऊन थांबते. पाटबंधारे खात्याच्या भाषेत याला फुगवटा म्हणतात. गावात 'गंगा पाणी घेईना' म्हणतात. दोन्हींचा अर्थ एकच: आता चार दिवस पालम बंद.

गंमत अशी की गावात पाऊस पडलेलाच असला पाहिजे, अशी या बेटाची अट नाही. पाऊस नाशिकला पडतो. तिथे रामकुंडावर लोक दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागले की छातीला, एवढे पाहून पुराची प्रत ठरवतात. तेच पाणी पुढे पैठणच्या जायकवाडीत येते. लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते १९६५ मध्ये पायाभरणी झालेले आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधींनी उद्घाटन केलेले हे धरण. त्याला २७ दरवाजे, आणि ते किती फूट उचलले यावर खाली परभणीत कुणाच्या घरी भाकरी होणार हे ठरते. वाटेत माजलगावच्या धरणातून सिंदफणेचे पाणी येऊन मिळते. मग ढालेगाव, तारुगव्हाण, मुद्गल, डिग्रस अशा बंधाऱ्यांची रांग. त्यांच्या खाली नांदेडचे विष्णुपुरी. तिथे दरवाजे उघडायला उशीर झाला तर पाणी खालून वर चढत येते. २०२५ च्या सप्टेंबरअखेर पैठणहून सोडलेला विसर्ग तीन लाख क्यूसेकांच्या वर गेला, तेव्हा गंगाथडीतल्या शेंबड्या पोरालाही क्यूसेक म्हणजे काय हे कळत होते. बाकीच्या महाराष्ट्रात हा शब्द परीक्षेपुरता लागतो.

आता सरकारी व्याख्या पाहावी. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की अतिवृष्टी. मंडळाच्या पर्जन्यमापकात पडला १२ मिलिमीटर आणि मारुतीच्या पारावर कमरेएवढे पाणी, असे झाले की गाव आणि पर्जन्यमापक यांपैकी कुणावर विश्वास ठेवावा, असा प्रश्न उभा राहतो. पर्जन्यमापक कोरडा आणि खात्याचा असल्यामुळे सुरुवातीला त्याचे पारडे जड असते.

'जगात जर्मनी, भारतात परभणी' ही म्हण परभणीकर लग्नाच्या पंगतीपासून निवडणुकीच्या सभेपर्यंत कुठेही टाकतात. जर्मनीत ती पोहोचलेली नसावी. पण पोहोचली तर शब्दशः पटेल अशी एक जागा तिथे आहे. उत्तर समुद्राच्या काठी, श्लेस्विग-होल्स्टाइन प्रांतात हालिगेन नावाची दहा छोटी बेटे आहेत. सपाट, गवताळ, समुद्राच्या पातळीहून जेमतेम वर. वादळी भरती आली की कुरणे, रस्ते सगळे पाण्याखाली जाते आणि माणसांनी माती टाकून उभारलेली टेकाडे, त्यांवरची घरे तेवढी वर राहतात. वर्षातून हे अनेकदा होते. तिथल्या भाषेत या स्थितीला 'लांडउंटर' असे नाव आहे. लांडउंटर लागणार असे कळले की गुरे टेकाडावर आणतात, गाड्या वर घेतात आणि चहा टाकतात. तीन बेटांवर मुख्य भूमीवरून अरुंद रूळ टाकलेले आहेत आणि त्यावरून रहिवासी घरच्या छोट्या इंजिनाच्या ट्रॉलीतून किराणा आणतात. पर्यटक पैसे मोजून हा सगळा प्रकार पाहायला जातात.

पालम तालुक्यातही जुनी वस्ती टेकाडावरच असते. मराठवाड्यात तिला पांढरी म्हणतात. शेताची काळी, गावाची पांढरी. मातीची घरे पडायची, त्यांच्याच ढिगावर नवी उठायची, आणि असे करत काही शतकांत गाव आपोआप पूररेषेच्या वर गेले. टेकाडाच्या टोकाला देशमुखाची गढी. जर्मन माणसाने जे मोजमाप करून केले, ते इकडे पडझडीतून साधले. पुढे कुटुंबे वाढली, पांढरी पुरेना, आणि नव्या वस्त्या खाली, सपाटीला, ओढ्याच्या कडेला आल्या. तिथे स्लॅबची घरे झाली. त्यामुळे आता पुरात असे दिसते की पडक्या मातीच्या घरातला म्हातारा कोरडा असतो आणि फरशीच्या हॉलमध्ये सोफा तरंगत असतो. सोफेवाले मग म्हाताऱ्याकडे मुक्कामाला जातात. वर्षभर न बोलणारे भाऊबंद या निमित्ताने एका चुलीवर येतात, आणि पाणी ओसरले की पुन्हा बांधावरून भांडायला मोकळे होतात. तोवर बांध वाहून गेलेला असतो, ही गोष्ट वेगळी.

पुरात पुण्याहून मुलाचा फोन येतो. चाकणच्या कंपनीत तो रात्रपाळीला असतो आणि टीव्हीवर त्याने लाल पट्टी पाहिलेली असते.

"आबा, पाणी कुठवर आलंय?"

"पारापाशी."

"मग घर सोडा की. पालमला मामाकडं जा."

"कशानं जावं? पालमला जायचं म्हणलं तर पाणी वसरावं लागतंय. अन् पाणी वसरलं तर जावं कशाला?"

या प्रश्नाला जिल्हा आपत्ती व्यवस्थापन आराखड्यातही उत्तर नाही.

बेटाचा पहिला दिवस उत्साहाचा असतो. सगळा गाव पाणी बघायला जातो. कुणी काठी रोवून खूण करतो, कुणी मोबाईलवर चित्रीकरण करून पाहुण्यांना पाठवतो. दुसऱ्या दिवशी वीज गेलेली असते, पिठाची गिरणी बंद पडते आणि मोबाईल ट्रॅक्टरच्या बॅटरीवर लागतो. दूध डेअरीला जाऊ शकत नाही, म्हणून घरोघर खवा आटतो. एरवी सणाला न मिळणारी चैन संकटात मिळते. खरे संकट तिसऱ्या दिवशी उगवते. गावातल्या एकुलत्या दुकानातली गायछाप संपते. तांदूळ, डाळ, तेल नसताना धीराने वागलेली माणसे त्या दिवशी हळवी होतात. हेलिकॉप्टरने अन्नाची पाकिटे टाकायची ठरलीच तर काय टाकावे, याविषयी गावाचे मत शासनाच्या मतापेक्षा निराळे पडते.

त्यात मुक्कामी गाडी अडकलेली असली तर रंगत आणखी. संध्याकाळी आलेली एसटी सकाळी परत जायची; रात्रीतून पुलावर पाणी चढले की लाल गाडी, चालक आणि वाहक गावचे पाहुणे होतात. पहिल्या दिवशी त्यांना आग्रहाचे जेवण, दुसऱ्या दिवशी घरातल्यासारखे, तिसऱ्या दिवशी ते पत्त्यांच्या डावात आणि चौथ्या दिवशी गावाच्या राजकारणात. एसटीने अलीकडे सवलतींची लयलूट केली आहे. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना २०२२ पासून प्रवास फुकट, महिलांना २०२३ पासून अर्धे तिकीट. फुकटात पुलापर्यंत जाता येते. पुलाच्या पुढचा प्रवास सवलतीत बसत नाही.

पुढच्या प्रवासाचा इतिहास मोठा आहे. जुन्या काळी वाळलेल्या भोपळ्यांची सांगड बांधून लोक नदी पार करत. मग ट्रॅक्टरच्या चाकाची ट्यूब आली. मग थर्माकोल. थर्माकोलची कीर्ती तर उच्च न्यायालयापर्यंत गेली आहे. गंगापूर तालुक्यातल्या भिव धानोऱ्याला जायकवाडीचे पाणी पसरलेले असते. तिथली शाळकरी मुले थर्माकोलच्या तुकड्यावर पालथी पडून हाताने पाणी मारत शाळेला जात, पाण्यातले साप हाकायला हातात काठी घेऊन. २०२३ मध्ये ही बातमी देशभर पोहोचली आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तिची स्वतःहून दखल घेतली. मुले शाळेत जातात, हा भाग त्या बातमीत कुणाला विशेष वाटला नाही. पाण्यातून यायचे असूनही ती वेळेवर पोहोचत, हे मात्र रस्त्याकाठच्या पुष्कळ शाळांतल्या गुरुजींनी वाचण्यासारखे होते.

सध्याचे राजवाहन म्हणजे जेसीबी. त्याच्या पुढच्या खोऱ्यात बाळंतपणाला निघालेली बाई, तिची आई आणि स्टीलचा डबा बसतो. मागच्या फेरीला सलाईनची बाटली धरलेला पेशंट, त्याच्या मागून नवरदेव. ज्या यंत्राने ओढ्यातली वाळू उपसून पात्र खोल केले, तेच यंत्र त्या खोल पात्रातून माणसे पलीकडे पोहोचवते. धंद्याचे दोन्ही हंगाम असे सांभाळणारे दुसरे यंत्र तालुक्यात नाही.

जेसीबी येईपर्यंत पुलाच्या दोन्ही टोकांना सभा भरते. काठावर फलक असतो: पुलावरून पाणी वाहत असताना पूल ओलांडू नये. फलकाची खालची ओळ पाण्यात गेलेली असल्यामुळे 'पुलावरून पाणी वाहत असताना' एवढेच वाचता येते, आणि ते तर दिसतच असते. खोलीचे जाणकार बिडी ओढत बसलेले असतात. एक म्हणतो, मांडीएवढं हाय. दुसरा म्हणतो, तुपल्या मांडीएवढं का मपल्या? मग कुणीतरी ट्रॅक्टर घालून बघतो. ट्रॅक्टर गेला तर जीप निघते, जीप गेली तर मोटारसायकल, आणि मोटारसायकल मध्यावर बंद पडली की सभा पुन्हा भरते. दर वर्षी राज्यात अशा पुलांवरून माणसे वाहून जातात, हे सभेतल्या प्रत्येकाला ठाऊक असते. पलीकडे म्हैस बांधलेली असते, हेही ठाऊक असते, आणि ती दुधाची वेळ चुकवत नाही.

मालमत्तेचा भाग मात्र सावकाश वाचावा लागतो, कारण तो तलाठ्यालाही सावकाशच कळतो.

१५ ऑगस्ट १९६७ पासून लागू झालेली महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हा ग्रंथ नदीकाठच्या माणसाने एकदा चाळावा. नदीचे पात्र सरकारचे, असे कलम २० सांगते. पुढे मळईची जमीन, नव्याने तयार झालेली बेटे आणि नदीने सोडून दिलेली पात्रे यांचाही उल्लेख येतो. म्हणजे नदी जमीन आणते, नेते, मधूनच बेट करते, कधी वाट बदलते, हे कायद्याने मान्य केले आहे. जमीन वाहून गेली तर सारा कमी करून मागण्याचा हक्कही दिला आहे. अडचण एवढीच की नदी हे सगळे एका रात्रीत करते आणि त्याची नोंद व्हायला एक हयात लागते.

खरेदीखतात चतुःसीमा लिहाव्या लागतात. पूर्वेला अमक्याचे वावर, पश्चिमेला पांदण, दक्षिणेला तमक्याचे वावर, उत्तरेला गंगा. तीन बाजू माणसांच्या असल्यामुळे त्यांच्यावर दावे लावता येतात. चौथी बाजू खरेदीखताला बांधील नसते. त्यामुळे सातबाऱ्यावर दोन हेक्टर आणि वावरात दीड, असे काठावरचे कित्येक शेतकरी सापडतात. उरलेला अर्धा हेक्टर कुठे आहे? आहे ना, गंगेत आहे. त्यावर सोसायटीचे कर्ज आहे, वारसांच्या नोंदी आहेत, आणि दोन भावांत त्याची समसमान वाटणीही झालेली आहे. धाकट्याचे म्हणणे असे की थोरल्याला त्यातला उथळ भाग आला.

माती जाते कुठे? खाली तेलंगणात, श्रीराम सागराच्या पोटात. जी वाटेतल्या बंधाऱ्यांत अडकते ती तिथला गाळ होते. हा गाळ काढून शेतकऱ्यांनी वावरात नेऊन टाकावा म्हणून सरकारने २०१७ मध्ये 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना आणली. योजना चांगली आहे, लोकांनी ट्रॅक्टर लावून गाळ नेलाही. पण गंगाथडीचा माणूस धरणाच्या काठी उभा राहून तो काळाभोर गाळ पाहतो तेव्हा त्याला आपलेच वावर ओळखू येते. स्वतःची जमीन स्वतःच्या ट्रॅक्टरने, डिझेल घालून परत न्यायची, आणि लाभार्थी म्हणून फोटोला उभे राहायचे.

खरडून गेलेल्या जमिनीला भरपाई आहे. हेक्टरी ४७ हजार रुपये हा नियमातला दर. २०२५ च्या पुरानंतर राज्य सरकारने त्यावर रोजगार हमीतून हेक्टरी तीन लाखांपर्यंतच्या कामाची जोड जाहीर केली. उलट प्रकारही होतो: नदी काही नेत नाही, आणून टाकते. वावरात दोन फूट वाळू. शहरातला बांधकामवाला हे ऐकून टाळी वाजवेल. परभणीत वाळूचा भाव आणि वाळूच्या गोष्टी दोन्ही प्रसिद्ध आहेत. पण वाळू हे गौण खनिज. वावर आपले, वरची वाळू सरकारची. ती हलवायची तर अर्ज, आणि न हलवावी तर वाळूत सोयाबीन येत नाही. ज्यांना अर्ज करायची सवय नाही असे काही लोक ती वाळू रात्रीतून हलवून नेतात, आणि वावर साफ झाले म्हणून शेतकऱ्याने आनंद मानावा की चोरी झाली म्हणून तक्रार द्यावी, याचा निवाडा संहितेत नाही.

गंगेच्या पात्रातली सगळ्यांत फायद्याची शेती सातबाऱ्यावर नसतेच. पाणी उतरले की वाळवंटात टरबूज-खरबुजाच्या वाड्या लागतात. खड्डा करायचा, खत घालायचे, वेल सोडायचा. बांध नाही, वाटणी नाही, वारस नाही. उन्हाळ्यात माल विकून माणूस मोकळा. मालमत्ता कशी असावी याचा हा नमुना, पण यावर बँक कर्ज देत नाही. गंगेत बुडालेल्या अर्ध्या हेक्टरावर मात्र देते.

तालुक्यात एक खरेखुरे, बारमाही बेटही आहे: जांभूळबेट. गोदावरीच्या पात्रात, जांभळाच्या झाडांनी भरलेले, मोरांचा राबता असलेले. डिग्रस बंधाऱ्याचे पाणी त्याच्या भोवती उभे राहते. हे पर्यटनस्थळ करा, ही मागणी जुनी आहे, इतकी की ती आता स्वतःच एक प्रेक्षणीय स्थळ झाली आहे. प्रत्येक नवा पुढारी तिला भेट देऊन जातो. दरम्यान पूर येतो आणि बेटाचा काठ थोडा कातरून नेतो. जांभूळबेटाला जाणारा पालमचा रस्ता कोणत्या नदीवरून जातो, हे चाणाक्ष वाचकाने ओळखले असेलच. पावसाळ्यात बेट सगळ्यांत सुंदर दिसते आणि पावसाळ्यातच लेंडी आडवी येते. बेट बघायला निघालेला प्रवासी अशा वेळी पुलाच्या अलीकडे थांबतो आणि पलीकडची पाच फुकटची बेटे पाहून परततो.

डिग्रसच्या पाण्यावरूनही दर उन्हाळ्यात वाद होतो, कारण त्यातले पाणी नांदेडकरांच्या तहानेसाठी खाली सोडायचे असते. पावसाळ्यात नको असलेले पाणी आणि उन्हाळ्यात सुटू नये असे वाटणारे पाणी एकच. मराठवाड्याच्या नशिबात पाण्याचे हे असेच आहे. २०१६ च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. त्या काळात गंगेच्या पात्रातून लोक चपला न काढता चालत होते. बंधाऱ्यांचेही नशीब फिरते. गंगाखेड तालुक्यातल्या मुळीच्या बंधाऱ्याला पाणी अडवायला दारे बसवली होती, ती पुराने नेली. पुढे दारे नसलेला बंधारा वर्षानुवर्षे पाणी जाताना पाहत उभा राहिला.

कागदावरच्या बेटाला आणखी काही अटी आहेत. २०२४ पर्यंत पूर आल्यावर पीक विम्यासाठी नुकसानीची सूचना ७२ तासांच्या आत द्यावी लागे. संपर्क चार दिवस तुटलेला. मग ज्याच्या मोबाईलला रेंजची एखादी रेषा मिळे असा माणूस पाण्याच्या टाकीवर चढे आणि खालून दहा जण त्याला आपापले गट नंबर ओरडून सांगत. २०२१ पासून ई-पीक पाहणीही आली. शेतकऱ्याने स्वतः वावरात उभे राहून पिकाचा फोटो काढायचा. मोबाईल त्याचे ठिकाण तपासतो आणि वावरापासून लांब असाल तर तसे बजावतो. वावरावर पाच फूट पाणी असताना हे यंत्र सांगते की आपण निवडलेल्या गटापासून दूर आहात. शेतकरी म्हणतो, दूर आहे म्हणून जिवंत आहे.

यातले काहीही नवे नाही, हीच यातली गंमत. गडचिरोलीत पावसाळ्यात तुटणाऱ्या गावांना पावसाआधीच काही महिन्यांचे धान्य पोहोचवून ठेवतात आणि दिवस भरत आलेल्या बायांना आधीच दवाखान्याजवळ आणतात. तिथे गाव तुटणे हे कॅलेंडरात आहे. परभणीत ते अजून अपघातात मोडते. पाणी दर वर्षी येते, फायलीत मात्र ते प्रत्येक वेळी पहिल्यांदाच येते. बेट म्हणून मान्यता मिळाली असती तरी फार काही झाले असते असे नाही. मुंबईच्या गेटवेवरून तासाभराच्या लाँचवर असलेल्या घारापुरीला समुद्राखालच्या केबलने वीज मिळायला फेब्रुवारी २०१८ उजाडले. तिथे निदान समुद्र दिसतो, म्हणून बेट आहे यावर वाद तरी होत नाही.

या सगळ्याचा खरा हिशेब लग्नाच्या बाजारात होतो. पूर्वी मुलीकडचे विचारत, जमीन किती? आता विचारतात, नोकरी काय? आणि गंगाथडीत त्याच्या आधी विचारतात, पूल केवढा? त्यामुळे मुलाकडची मंडळी पाहुण्यांना बोलावण्याची वेळ काळजीपूर्वक निवडतात. एप्रिल-मे उत्तम. लेंडी कोरडी, रस्ता धुळीचा पण सलग, आणि वाळवंटातले टरबूज कापून पुढे ठेवता येते. नुकत्याच अशा एका बैठकीत मुलीच्या मामाने टरबूज खाल्ले, गोड आहे म्हणाला, हात धुतले आणि मोबाईल काढला. सप्टेंबरचे कात्रण त्याने जपून ठेवले होते.

"पाव्हणं, ह्यात तुमच्या गावाचं नाव हाय."

मुलाचे आजोबा चष्मा लावून कात्रण वाचत राहिले. मग म्हणाले, "हाय. पण चौथ्या नंबरवर हाय."